कोणाच्याच मालकीचे नसलेले नगर

आपल्या मराठीत ‘प्रयोग’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावतात. एक नाटकाचा प्रयोग आणि दुसरा प्रयोगशाळेतला. पहिल्याला आपण तिकीट काढून जातो, खुर्चीवर बसतो, रंगला तर टाळ्या देतो, नाही रंगला तर मध्यंतरात उठून घरची वाट धरतो. दुसऱ्याला प्रेक्षक नसतात. तेथे असतात ती काम करणारी माणसे, आणि काम फसले तर तेही प्रामाणिकपणे वहीत टिपून ठेवावे लागते. तामिळनाडूच्या पूर्व किनाऱ्याजवळ, पुदुच्चेरीच्या उत्तरेस दहा-बारा किलोमीटरांवर, ऑरोव्हिल नावाचे एक नगर आहे. माणसांचे ऐक्य प्रत्यक्ष जगून पाहता येईल काय, याचा आपण प्रयोग करीत आहोत असे तेथील लोक म्हणतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही तेथे पाच दिवस राहिलो. खरे सांगावयाचे तर, जाताना आम्ही पहिल्या अर्थाने प्रयोगाला निघालो होतो. दुसरा अर्थ ध्यानात येण्यास तिसरा दिवस उजाडावा लागला. तो कसा ध्यानात आला, आणि अशा ठिकाणी जाणाऱ्या प्रवाशाने काय पाहावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. आणि तो आपल्याला अगदीच परका नाही. ज्यांच्या नावावरून या नगराचे नाव पडले ते अरविंदबाबू घोष १८९३ साली विलायतेहून परत आले ते बडोद्यास, सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत. १९०६ पर्यंत ते तेथे होते. मराठीही तेथेच शिकले. पुढे टिळकांच्या राजकारणातले ते बंगालमधील एक प्रमुख साथीदार झाले. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेची काँग्रेस मोडली. त्यानंतर बडोद्यास त्यांची गाठ विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याशी पडली. सरदार मुजुमदारांच्या वाड्यात दोघे तीन दिवस एकांतात बसले, आणि लेल्यांनी सांगितलेल्या रीतीने बसता बसता अरविंदबाबूंचे मन अगदी निर्विचार झाले. त्याच जानेवारीत मुंबईस त्यांचे व्याख्यान ठरलेले होते. डोक्यात तर एकही विचार उमटेना, बोलावे काय? लेल्यांनी सांगितले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा, शब्द येतील. तसे केले आणि व्याख्यान झाले, असे पुढे स्वतः अरविंदांनीच सांगितले आहे. व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना ही हकीकत गमतीची वाटेल. मात्र व्याख्यात्यांनी तिचे अनुकरण करण्यापूर्वी आधीचे तीन दिवस विसरू नयेत.

१९१० च्या एप्रिलमध्ये श्रीअरविंद पाँडिचेरीस पोहोचले. तेव्हा तो फ्रेंचांचा मुलूख होता. पॅरिसमध्ये १८७८ साली जन्मलेल्या मीरा अल्फासा तेथे प्रथम १९१४ साली आल्या आणि १९२० पासून कायमच्या राहिल्या. त्यांनाच पुढे सर्वजण श्रीमाताजी म्हणू लागले. १९२६ साली आश्रमाची स्थापना झाली. श्रीअरविंदांच्या विचाराचा गाभा थोडक्यात असा सांगता येईल : मनुष्य हा सृष्टीच्या विकासातला शेवटचा टप्पा नव्हे, त्याच्या पुढचीही एक चेतना आहे, आणि ती संसार टाकून गुहेत बसल्याने नव्हे, तर स्वयंपाकघर, कारखाना, शाळा, शेत या सर्वांसकट सबंध जीवन पालटल्याने उतरावयाची आहे. हा विचार एकदा मान्य केला की पुढचा प्रश्न ओघानेच येतो. एकट्याने पालटून भागत नसेल, तर सबंध गावानेच पालटून का पाहू नये?

येथे एक खुलासा करून ठेवतो, कारण पुष्कळ प्रवासी घोटाळा करतात. श्रीअरविंद आश्रम पुदुच्चेरी शहरात आहे; श्रीअरविंद आणि माताजी यांची समाधी तेथे आहे. ऑरोव्हिल शहराबाहेर आहे, तो आश्रम नव्हे, आणि दोहोंचा कारभारही वेगळा आहे. सकाळी समाधीचे दर्शन घेऊन दुपारी ‘आश्रमाचा सोनेरी गोळा’ पाहावयास निघालेली मंडळी आम्हांला बसमध्ये भेटली. त्यांची समजूत काढता काढता आमचीही थोडी उजळणी झाली.

ऑरोव्हिलची स्थापना २८ फेब्रुवारी १९६८ रोजी झाली. उघड्या माळावर सुमारे ५,००० माणसे जमली होती. १२४ देशांतील आणि भारतातल्या निरनिराळ्या राज्यांतील तरुण मुलामुलींनी आपापल्या भूमीची मूठ मूठ माती आणून कमळाच्या कळीच्या आकाराच्या संगमरवरी कलशात घातली. माताजी त्या वेळी ९० वर्षांच्या होत्या. त्या आपल्या पाँडिचेरीतील खोलीतच बसून होत्या. त्यांनी स्वहस्ते लिहिलेली नगराची सनद त्यांच्याच आवाजात आकाशवाणीने माळावर पोहोचविली. सनदेत कलमे फक्त चार. त्यांचा आशय असा : हे नगर कोणा एकाचे नाही, सर्व मानवजातीचे आहे, मात्र येथे राहणाऱ्याने दिव्य चेतनेची सेवा राजीखुशीने पत्करली पाहिजे; येथे शिक्षण कधी संपणार नाही; भूत आणि भविष्य यांना जोडणारा हा पूल राहील; आणि मानवी ऐक्य देहधारी व्हावे म्हणून भौतिक व आध्यात्मिक असे दोन्ही संशोधन येथे चालेल. युनेस्कोनेही १९६६ पासून वेळोवेळी ठराव करून या कल्पनेला पाठिंबा दिला. रोजे आंजे या फ्रेंच वास्तुशिल्पज्ञाने नकाशा आखला : मध्यभागी शांतिक्षेत्र, भोवती आकाशगंगेच्या भोवऱ्यासारखे चार विभाग, म्हणजे निवासाचा, उद्योगाचा, संस्कृतीचा आणि आंतरराष्ट्रीय, आणि त्या सर्वांना वेढणारा हिरवा पट्टा. लोकसंख्या ठरविली ५०,०००.

आज तेथे सुमारे ६० देशांची तीन हजारांहून थोडी अधिक माणसे राहतात. त्यांत सर्वांत जास्त भारतीय, आणि भारतीयांत तामिळ पुष्कळ. पन्नास हजारांच्या जागी तीन हजार, हा आकडा ऐकला की अनेकजण तेथेच निकाल देऊन मोकळे होतात. आम्हीही पहिल्या दिवशी तसेच केले होते.

पहिल्या दिवशी प्रवासी काय पाहतो, तेही सांगतो. वाहन बाहेर ठेवावयाचे. स्वागतकेंद्रात मातृमंदिराची छोटी चित्रफीत पाहावयाची, मग प्रवेशपत्र घ्यावयाचे, आणि झाडीतल्या वाटेने सुमारे किलोमीटरभर चालत एका उंचवट्यावर जाऊन उभे राहावयाचे. समोर हिरवळीपलीकडे मातृमंदिर दिसते : सुमारे २९ मीटर उंचीचा, किंचित चपटा असा सोनेरी गोल, जमीन फोडून वर आल्यासारखा. लोक येतात, पाहतात, छायाचित्र घेतात आणि परत फिरतात. बहुतेकांचे ऑरोव्हिल एवढेच. आमच्या शेजारी एक मराठी आजीबाई नातवासह उभ्या होत्या. त्यांचा संवाद कानी पडला.

“अरे, पण देव कुठं बसवलाय?”

“आजी, आत देव नाही म्हणतात. मूर्ती नाही, पूजा नाही.”

“देव नाही? मग एवढं सोनं कशापायी रे बाबा?”

नातवाला उत्तर सुचले नाही. आणि आम्हीही मराठी आहोत हे आजीबाईंना कळू न देता तेथून हळूच सरकलो, कारण उत्तर आमच्यापाशीही नव्हते.

आत जाण्यासाठी दिवस व वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. आम्हांला दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळाली. पादत्राणे काढून पांढरे पायमोजे घालावयाचे आणि मग बोलणे बंद. वळत जाणाऱ्या उतरणीच्या वाटेने वर चढले की अंतर्गृह लागते : पांढरा संगमरवर, पांढरे खांब बारा, आणि मधोमध ७० सेंटिमीटर व्यासाचा एक स्फटिकाचा गोल. छपरावरचा आरसा सूर्याबरोबर फिरतो आणि उन्हाची एक तिरीप त्या स्फटिकावर उभी सोडतो. फूल नाही, उदबत्ती नाही, घंटा नाही, प्रवचन नाही. १९७१ च्या फेब्रुवारीत पाया घातलेल्या या वास्तूचे काम पुरे व्हावयास २००८ साल उजाडले. हे मंदिर प्रार्थनेचे नव्हे, एकाग्रतेचे, असे तेथे सांगतात. आमची एकाग्रता कशी झाली ते न लपविता सांगतो : पहिली काही मिनिटे परतीच्या गाडीचे आरक्षण डोक्यात होते, नंतर शेजाऱ्याचा खोकला होता, आणि शेवटी अगदी थोडा वेळ काहीच नव्हते. तो थोडा वेळ चांगला होता. पण तेवढा निवांतपणा आम्हांला आमच्या ग्रामदैवताच्या देवळात भर दुपारी, पुजारी जेवावयास गेला असताना, कितीतरी वेळा लाभलेला आहे. म्हणून आम्ही बाहेर आलो ते आदराने, पण मनात आजीबाईंचा प्रश्न तसाच ठेवून.

तिसऱ्या दिवशी एका वृद्ध गृहस्थांची ओळख झाली. जन्माने युरोपीय, पण उभी हयात याच मातीत घालविलेले. आम्ही त्यांना मंदिराविषयी विचारले, तर ते म्हणाले, “त्याविषयी दुसरे कोणीही सांगेल. तुम्हांला वेळ असेल तर माझ्याबरोबर बांध पाहावयास चला.”

हा बांध समजण्यासाठी १९६८ चा माळ डोळ्यांपुढे आणावा लागतो. आज दाट सावलीतून चालताना ते अवघड जाते. तेव्हा तेथे उघडी तांबडी जमीन होती, तुरळक ताड, कोठे काजू, आणि बाकी ऊन. पाहताना आपल्या कोकणच्या सड्याची आठवण व्हावी अशी. त्या प्रदेशात मुख्य पाऊस आपल्यासारखा आषाढ-श्रावणात नव्हे, तर ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्येकडून येतो. आणि येतो तो कोसळत. झाडांचे छत्र गेलेल्या माळावर असा पाऊस पडला की पाणी जमिनीत न मुरता मातीसह धावत सुटते. वर्षानुवर्षे त्या पठाराची माती खोल घळी पाडीत समुद्रात वाहून चालली होती. जगातील मानवजातीचे ऐक्य साधावयास आलेल्या मंडळींना पहिले कोडे पडले ते हे : ऐक्य राहू दे, आधी पायाखालची जमीन राहील काय?

तेव्हा त्यांनी बांध घातले. उताराला आडवे मातीचे बांध, घळीत ठिकठिकाणी अडसर, खड्डे, तळी. कोणतीही नवी विद्या नव्हे. आपल्याकडे दुष्काळी भागात शेतकऱ्यांनी हेच केलेले आहे. पाणी थांबू लागले तशी झाडे लावावयास घेतली. सुरुवातीस नाजूक झाडे जगेनात. मग चिवट आणि भराभर वाढणारी अशी लावली. त्यांतले मुख्य म्हणजे आपल्या कोकणात ज्याला ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणून ओळखतात ते. त्याने सावली धरली, पाला पाडला, जमीन सुधारली. मग त्या सावलीत मूळच्या स्थानिक जंगलातली झाडे लावली. त्या किनाऱ्यावर पूर्वी शुष्क सदाहरित म्हणतात त्या जातीचे रान होते. देवळांभोवती राखलेल्या देवरायांत त्याचे अवशेष उरले होते, तेथून बी गोळा केले. आबनूस त्यात आहे, आणि आपल्या सह्याद्रीतल्या अंजनीचे भाऊबंदही आहेत. आज तेथे लाखो झाडे उभी आहेत.

त्या गृहस्थांनी आम्हांला एक बांध दाखविला. गुडघाभर उंचीचा, गवताने भरलेला. सांगितल्याशिवाय कोणाच्या नजरेसही पडू नये असा. ते म्हणाले, “हा तीन वेळा फुटला. दोनदा माझ्या चुकीने. तिसऱ्यांदा पावसाच्या.” आणि मग कोणत्या वर्षी कोठले झाड मेले आणि का, हे त्यांनी इतक्या तपशिलाने सांगितले की आमच्या ध्यानात आले, आपल्यापुढे प्रयोगाची वही उघडली आहे. आदल्या दोन दिवसांत आम्ही नाट्यगृह पाहत होतो.

त्यानंतर आम्ही निराळ्या दृष्टीने हिंडू लागलो आणि जिकडेतिकडे नोंदी दिसू लागल्या. सामुदायिक भोजनगृहाच्या छपरावर १५ मीटर व्यासाची आरशांची एक प्रचंड वाटी आहे. उन्हाने वाफ करून सुमारे हजार माणसांचा स्वयंपाक व्हावा अशी ती योजना. मात्र ढगाळ दिवसासाठी इंधनावरची भट्टीही ठेवलेली आहे, आणि ती लपविलेली नाही. मातीत थोडे सिमेंट मिसळून दाबून केलेल्या, न भाजलेल्या विटांची घरे तेथे बांधतात. ती विद्या शिकण्यासाठी देशोदेशीचे लोक येतात. ‘तेथे पैसाच चालत नाही’ अशी जी दंतकथा आपल्याकडे ऐकू येते ती मात्र खरी नव्हे. व्यवहार खात्यांवरून होतात, पण हिशेब असतोच. घर बांधण्यासाठी रहिवासी स्वतः पैसे देतो, परंतु घर त्याच्या मालकीचे होत नाही. तो गेला तर विकता येत नाही, मुलांना वारसाने देता येत नाही. उद्योगांनी आपल्या नफ्याचा तिसरा हिस्सा सामुदायिक निधीत द्यावयाचा असा दंडक आहे. काम करणाऱ्याला निर्वाहापुरती रक्कम मिळते. ती सर्वांना पुरत नाही, म्हणून कित्येकांना बाहेरच्या मिळकतीची जोड लागते. आणि भोवतालच्या तामिळ खेड्यांतून रोज सकाळी हजारो स्त्रीपुरुष तेथे मजुरीस व नोकरीस येतात. त्या खेड्यांतलीच पुष्कळ माणसे आज ऑरोव्हिलची रहिवासी आहेत हे खरे. पण एकाच रस्त्यावर एकजण प्रयोग करावयास येतो आणि दुसरा पगारासाठी, हा भेदही खराच आहे. ऐक्याची परीक्षा स्फटिकासमोर बसून होत नाही, ती या रस्त्यावर होते, हे तेथील जाणती माणसे मान्य करतात.

आता मुख्य गाठीकडे येतो. नगर कोणाचेही नाही, असे सनद म्हणते. पण जमीन म्हटली की तिला कागद आला. आपल्याकडे सातबारा, तिकडे पट्टा. आणि त्या कागदावर ‘मानवजात’ असे नाव चढविता येत नाही. कोणते तरी नाव लागतेच. आरंभी जमिनी आणि पैसा श्रीअरविंद सोसायटी या संस्थेच्या नावे होता. १७ नोव्हेंबर १९७३ रोजी माताजी निवर्तल्या, आणि कारभार कोणाचा, या प्रश्नावरून संस्था व रहिवासी यांच्यात तीव्र वाद पेटला. प्रकरण पोलीस व कोर्टापर्यंत गेले. १९८० साली केंद्र सरकारने खास कायदा करून व्यवस्थापन आपल्या हाती घेतले. हा आमच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे, अशी हरकत घेण्यात आली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयापुढे एक विलक्षण प्रश्न उभा राहिला : श्रीअरविंदांची शिकवण हा धर्म आहे काय? १९८२ साली न्यायालयाने बहुमताने उत्तर दिले की नाही, हे तत्त्वज्ञान आहे; आणि कायदा वैध ठरला. पुढे १९८८ च्या कायद्याने ऑरोव्हिल फाउंडेशन अस्तित्वात आले. त्याची अंगे तीन : केंद्र सरकारने नेमलेले नियामक मंडळ, आंतरराष्ट्रीय सल्लागार परिषद, आणि रहिवाशांची सभा. जमीन फाउंडेशनच्या नावे झाली. अर्थात, कोणाचेच नसलेले नगर अखेर कायद्याच्या आधाराने उभे राहिले.

पण तेढ संपली नाही. मूळ नकाशातला वर्तुळाकार रस्ता पुरा करण्यासाठी डिसेंबर २०२१ मध्ये यंत्रे आली, आणि स्वतः रहिवाशांनी वाढविलेल्या रानातील झाडे तोडली जाऊ लागली. काही रहिवासी यंत्रांपुढे उभे राहिले. एप्रिल २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पर्यावरणीय परवानगी मिळेपर्यंत काम थांबविण्यास सांगितले. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. एका पक्षाचे म्हणणे असे की, माताजींनी पन्नास हजारांचे नगर सांगितले आहे, राने राखीत बसलात तर नगर होणार कधी? दुसरा पक्ष म्हणतो, नकाशा १९६८ पूर्वीच्या ओसाड माळासाठी होता. आज तेथे जंगल आणि पाणी आहे, तर नकाशाने जमिनीकडे पाहून थोडे वळावे. आणि निर्णय कोणताही होवो, राहणाऱ्यांच्या सभेला विचारून व्हावा. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की दोन्ही पक्ष आधार देतात तो एकाच व्यक्तीच्या वचनांचा. आपल्या संप्रदायांचा इतिहास ज्यांनी चाळला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. गुरू असेपर्यंत प्रश्न विचारावयाचा असतो. गुरू गेल्यावर अर्थ लावावयाचा असतो. आणि भांडण अर्थावरूनच होते.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे घरोघरी मातीच्याच चुली! होय, परंतु आम्ही त्यावरून हात झटकावयास तयार नाही. अपयश म्हणजे प्रयोग झालाच नाही असे नव्हे. मालकी काढून टाकली म्हणजे मालकीचे भांडण मिटेल, अशी आपल्यापैकी अनेकांची भाबडी समजूत असते. ऑरोव्हिलच्या पन्नासांहून अधिक वर्षांनी दाखविले ते असे की, मालकी गेली तरी अधिकाराचा प्रश्न उरतो, आणि तो अधिक नाजूक होतो. आणि त्याच वर्षांनी दुसरेही दाखविले : ज्या जमिनीचा आपल्याला दमडीचाही वारसा मिळावयाचा नाही, तिच्यावर माणसे तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे बांध घालू शकतात. ही दोन्ही अनुमाने एकाच वहीतली आहेत. एक वाचून दुसरे पान फाडणे बरे नव्हे.

आता जाणाऱ्यांसाठी थोडी व्यवहारी सूचना. एका दिवसात जाऊन येणार असाल तर सोनेरी गोल पाहाल आणि परत याल. त्यात वाईट काही नाही, पण प्रयोग पाहिला असे म्हणू नका. शक्य असेल तर तेथील एखाद्या अतिथिगृहात तीन-चार दिवस राहा. पाहुण्याकडून रोजची काही रक्कम नगराच्या खर्चासाठी घेतात. ती देताना कुरकुर करू नका, कारण वाटा आणि झाडे कोणीतरी राखीत आहे. सायकल भाड्याने घ्या. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ हवेला बरा. लोकांच्या घरात किंवा कार्यशाळेत न विचारता डोकावू नका. ते प्रदर्शनातले नमुने नव्हेत. कोणाला ‘तुम्हांला साक्षात्कार झाला काय’ असे विचारू नका. ‘तुमचे काय फसले’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाला माणूस गप्प बसतो, दुसऱ्याला तो तासभर बोलतो. आणि पाँडिचेरी लांब पडत असेल तर आपल्या वर्ध्याजवळ पवनारला जा. विनोबांनी १९५९ साली तेथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. स्त्रियांनी सामूहिक साधना आणि सामूहिक निर्णय यांवर जीवन चालवून पाहण्याचा तोही एक प्रयोगच आहे. प्रश्न तोच, आणि तोही विचारावा तो नम्रतेने.

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा त्या उंचवट्यावर गेलो. आजीबाई अर्थातच नव्हत्या. पण त्यांच्या प्रश्नाला आता काहीतरी उत्तर देता आले असते असे वाटले. एवढे सोने कशासाठी, हे आम्हांला अजूनही नीट सांगता येणार नाही. परंतु देव कोठे बसविला आहे असे त्यांनी पुन्हा विचारले असते, तर आम्ही त्यांना हात धरून त्या गुडघाभर बांधापर्यंत घेऊन गेलो असतो. पुढचे त्यांचे त्यांनी ठरविले असते.

घरी आल्यावर पादत्राणांची तांबडी माती धुताना मनात आले, कोणाच्याच मालकीची नसलेली जागा पाहावयास आपण इतक्या दूर गेलो. पण अशा जागा आपल्याही गावात आहेत. नदीचा घाट आहे, चाळीचा मधला चौक आहे, आणि दर वसंतात जेथे आपण व्याख्याने ऐकावयास बसतो ते हे पटांगणही आहे. श्रोते येण्यापूर्वी कोणीतरी ते झाडते, सतरंज्या अंथरते, आणि सर्वजण गेल्यावर त्या झटकून घडी घालून ठेवते. आजचे व्याख्यान संपल्यावर आम्ही त्या मंडळींबरोबर थोडा वेळ थांबणार आहोत. ज्यांना घाई नसेल त्यांनीही थांबावे.